आवाज बंद, प्रशिक्षण चालू

दुपारच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की हल्ली एकच विषय निघायचा.

"तुमचं प्रशिक्षण कुठवर आलं?"

"चालू आहे की! हे बघा." गणिताचे सर मोबाइल वर धरून दाखवायचे. पडद्यावर एक तज्ज्ञ बाई हातवारे करून जीव तोडून काहीतरी सांगत असायच्या. आवाज मात्र बंद. मोबाइल परत पालथा पडायचा आणि सर लोणच्याची बाटली पुढे ओढायचे.

असं दृश्य तुमच्याही ऑफिसात दिसत असेल, वाचकहो. नाही म्हणू नका. वरून हुकूम येतो, अमुक शिका. खाली माणसं शिकल्यासारखं करतात आणि वरचे शिकवल्यासारखं. सगळे खूश!

हे प्रशिक्षण खरं तर चांगलं होतं. वर्गात जी मुलं बोलत नाहीत, त्यांना बोलतं कसं करायचं, हा त्याचा विषय. त्यात देशोदेशीचे शिक्षक होते. प्रत्येकाला दुसऱ्या देशातला एक जोडीदार मिळायचा. आपापल्या वर्गात काहीतरी करून बघायचं, काय घडलं ते एकमेकांना लिहायचं. भाषेची अडचण नव्हती, यंत्रच भाषांतर करून द्यायचं. शेवटी दोघांनी पडद्यावर समोरासमोर बोलायचं, की झालं पूर्ण.

पण मुख्याध्यापकांना घाई होती. "आपली शाळा शंभर टक्के प्रशिक्षित असली पाहिजे," असं ते उठता-बसता म्हणत, म्हणून शिक्षकांनी त्यांचं नावच 'शंभरटक्के' ठेवलं होतं. आणि त्यांच्या मदतीला होते संगणकाचे सर, ऊर्फ 'माऊस मास्तर'.

"सगळ्यांनी पासवर्ड माझ्याकडे द्या," माऊस मास्तर म्हणाले. "तुम्ही तुमचे वर्ग सांभाळा, बाकी माझ्यावर सोडा."

झालं! संगणकाच्या खोलीत सगळी यंत्रं सुरू झाली. प्रत्येकावर एकेका शिक्षकाचं प्रशिक्षण. समोरच्या खुर्च्या रिकाम्या. दारावर कागद चिकटवला: 'शिक्षकांचे प्रशिक्षण चालू आहे, मुलांनी आत येऊ नये.' संगणकाच्या तासाला आलेली मुलं काचेतून आत बघत उभी राहायची आणि मग मैदानावर हाकलली जायची. ज्यांच्यासाठी शिकायचं, त्यांनाच बाहेर काढून शिक्षक शिकत होते! याचा कुणाला राग येऊ नये?

भाषेच्या बाईंनाही तो आला नाही. बाई काही कामचुकार नव्हत्या. मुलांचे निबंध त्या एकेका ओळीखाली खूण करून तपासत. पण तपासायचे गठ्ठे, वरून मागवलेली माहिती, घरी आजारी सासरे आणि शाळेतून आलेल्या पोराचा अभ्यास यात त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. 'सगळेच देतात, मी एकटी काय वेगळी?' असं म्हणून त्यांनीही पासवर्ड देऊन टाकला आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

शेवटचं समोरासमोर बोलणं मात्र माऊस मास्तरांना करता येईना. तिथे चेहरा लागत होता.

"दोन मिनिटांचं काम आहे, बाई," शंभरटक्के म्हणाले. "हसायचं, आभार मानायचे, उठायचं."

बाई संगणकासमोर बसल्या. पडद्यावर त्यांची जोडीदारीण आली. पन्नाशीची, केस मागे घट्ट बांधलेले, अंगात जाड स्वेटर, मागे फळा. बाईंना बघून तिचा चेहरा उजळला. ती बोलू लागली आणि तिचं बोलणं पडद्याच्या खाली मराठीत उमटू लागलं.

"शेवटी तुम्ही दिसलात! तुमची पत्रं मी दोन-दोनदा वाचली. मला तुम्हाला एक विचारायचं आहे. तुमच्या वर्गातल्या त्या मुलाबद्दल."

"कुठल्या?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"तो, बोलताना अडखळणारा. तुम्ही लिहिलं होतं, की त्याला रोज वर्गापुढे उभं करून मोठ्याने वाचायला लावलंत. सुरुवातीला रडला, पण तुम्ही मागे हटला नाहीत. भीती मोडली आणि तो घडाघडा बोलू लागला. माझ्या वर्गातही तशीच एक मुलगी आहे. तिचे शब्द घशात अडकतात. मी तुमच्यासारखंच केलं."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"ती रडली. मुलं हसली. मला वाटलं, त्या बाईंनीही हे सोसलं असेल, आपणही धीर धरू. मी रोज तिला उभं केलं. मग ती बोलायचीच थांबली. आधी वर्गात, मग घरीसुद्धा. आता ती शाळेत येत नाही. तिची आई म्हणते, नुसतं दप्तर बघूनही ती थरथरते." तिने डोळे पुसले. "मी तुम्हाला दोष देत नाही हो. तुमच्याकडे जमलं, म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं असणार. सांगा ना, माझं काय चुकलं?"

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. असा मुलगा त्यांनी कधी वर्गापुढे उभा केला नव्हता. असं पत्र त्यांनी लिहिलं नव्हतं. काय सांगणार त्या?

"आवाज... आवाज नीट येत नाहीये," त्या म्हणाल्या आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

"वाचलात!" मागून माऊस मास्तर हसले. "झालं तुमचं पूर्ण. हिरवी खूण आली."

बाई गर्रकन वळल्या. "माझ्या नावावर काय लिहिलंत तुम्ही?"

"आता इतक्या जणांचं लिहायचं म्हणजे काय लक्षात राहतं? उचललं असेल कुठूनतरी इंटरनेटवरून. थोडं मीठमसाला लावून."

"मीठमसाला! अहो, तिकडे एका मुलीची वाचा बसली!"

माऊस मास्तर गोरेमोरे झाले. पण गप्प बसले नाहीत. "माझ्यावर ओरडू नका, बाई. पासवर्ड मी चोरला नव्हता. तुम्हीच आणून दिला होतात."

बाईंनी पिशवी उचलली आणि त्या बाहेर पडल्या.

त्या घरी आल्या तेव्हा थोरली नणंद आलेली होती. ती सरकारी रुग्णालयात परिचारिका होती आणि ड्यूटी संपली की वडिलांचं बघायला यायची. सासऱ्यांना औषध देऊन ती वाळलेले कपडे घड्या घालत बसली होती. बाईंचा चेहरा बघून म्हणाली, "काय गं, कुणाशी भांडून आलीस?"

बाईंनी सगळं सांगितलं. सांगता सांगता स्वतःची बाजूही मांडली. "ताई, तुम्हीच सांगा, आम्ही करायचं तरी काय काय? शिकवायचं कमी आणि वरून मागतील ती माहिती पुरवायची जास्त. त्यात हे प्रशिक्षण. वेळ कुठून आणायचा?"

ताईंनी हातातली चादर बाजूला ठेवली.

"बाबांना मघाशी मी इंजेक्शन दिलं. नवीन औषध आहे. ते कसं द्यायचं, किती सावकाश द्यायचं, याचं आम्हालाही ऑनलाइन प्रशिक्षण होतं. मी ते आवाज बंद करून, कुणाकडून तरी उरकून घेतलं असतं, तर तू बाबांचा हात पुढे करू दिला असतास?"

"ताई, ते वेगळं. तिथे जिवाशी गाठ असते."

"आणि त्या पोरीच्या कशाशी गाठ होती? नखाशी?" ताईंचा आवाज चढला. "तुमच्या हातून चुकलं तर रक्त दिसत नाही, एवढाच काय तो फरक! म्हणूनच तुमचं चालून जातं. कामाचा बोजा आहे ना? खरं आहे, मान्य. मग त्यासाठी भांडा! वरच्यांना ठणकावून सांगा, की आम्हाला शिकायला वेळ द्या. त्यांच्याशी भांडायची हिंमत नाही, म्हणून तुम्ही खोटं बोललात. आणि ते भोगलं कुणी? ज्या पोरीने तुम्हाला कधी पाहिलंही नाही, तिने!"

बाई रडल्या. ताईंनी त्यांना जवळ घेतलं नाही. पाण्याचा पेला मात्र पुढे केला. "रडून झालं की त्या बाईला खरं सांग. ती अजून स्वतःलाच दोष देत बसली असेल."

दुसऱ्या दिवशी बाईंनी जोडीदारणीला पुन्हा पडद्यावर गाठलं. एका दमात सांगून टाकलं. ती पत्रं माझी नाहीत. तसा कुणी मुलगाच नाही. तुमचं काही चुकलं नाही, चुकलं ते माझं.

ती पडद्याच्या अगदी जवळ आली. मग तिचा चेहरा लाल झाला. "मी त्या मुलीच्या आईला काय सांगू? की मी एका न घडलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवला?"

"माझं नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"नावाचं काय करू मी?" ती तुटकपणे म्हणाली. पण तिने यंत्र बंद केलं नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तुमच्या वर्गात खरंच असं कुणी नाही? अडखळणारं?"

बाई विचारात पडल्या. होता की! खिडकीपाशी बसणारा, अंगाने लहानखुरा. त्याचा शब्द अडतो म्हणून वाचनात त्याची पाळी आली, की त्या हळूच पुढच्या मुलाकडे वळायच्या. त्यांना ती दया वाटायची. वर्षभर त्या पोराचा आवाजच त्यांनी ऐकला नव्हता.

"आहे," त्या म्हणाल्या. "आणि त्याचं काय करायचं, ते मला माहीत नाही."

त्या प्रशिक्षणात बाईंनी स्वतः लिहिलेलं पहिलं वाक्य हेच होतं. दोघींनी मिळून ते सगळ्या देशांच्या शिक्षकांपुढे ठेवलं. काय झालं, कुणाचं चुकलं, काहीही न लपवता. कुणी रागावलं. पण एका लांबच्या देशातल्या शिक्षकाने उत्तर पाठवलं. तो स्वतः लहानपणापासून अडखळत बोलायचा. त्याने लिहिलं होतं: 'त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा. घड्याळाकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. कुणाच्या तरी सोबतीने वाचू द्या, दोन आवाज एकत्र असले की शब्द कमी अडतो. आणि आज वाचायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या.'

बाईंनी आवाज पूर्ण मोठा करून ते प्रशिक्षण पहिल्यापासून पाहिलं. रोज थोडं थोडं, कधी शाळा सुटल्यावर, कधी भाजी निवडताना थांबून. त्यांना बरंच काही नवीन कळलं आणि वर्षानुवर्षं आपण काय काय चुकवत आलो, तेही कळलं.

मग प्रमाणपत्रं वाटायचा दिवस आला. शंभरटक्क्यांनी पालकांनाही बोलावलं होतं. एकेकाचं नाव घेतलं जात होतं, टाळ्या पडत होत्या. भाषेच्या बाईंचं नाव आलं. त्या उठल्या, पण त्यांनी हात पुढे केला नाही.

"हे मी घेणार नाही, सर. मी शिकत होते तेव्हा हे आलेलं नाही. मी शिकत नव्हते, तेव्हाच छापलं गेलंय."

"बाई, हे नंतर बोलू," शंभरटक्के दातांतल्या दातांत म्हणाले. "तुमच्या एकटीमुळे शाळेची टक्केवारी..."

"टक्केवारी!" बाईंचा आवाज सभागृहभर घुमला. "एका मुलीने बोलणं सोडलं, सर! आपण इथे लिहिलेलं खोटं तिकडे एका शिक्षिकेने खरं मानलं, कारण शिक्षक खोटं लिहितील असं तिला वाटलंच नाही. तिला नाही वाटलं! आणि आपल्याला त्याचं काहीच नाही वाटलं!"

त्यांनी पालकांसमोर सगळं सांगितलं. स्वतःला कुठेही वगळलं नाही. पालकांत कुजबूज सुरू झाली. एक आई उठून म्हणाली, "म्हणजे आमच्या पोरांना संगणकाच्या तासाला मैदानावर पाठवत होता, ते यासाठी?"

शंभरटक्के प्रमाणपत्रांचा गठ्ठा सरळ करू लागले. मग गणिताचे सर उठले. मिळालेला कागद त्यांनी टेबलावर परत ठेवला. "माझंही काढा. मला त्यातलं एक अक्षर येत नाही." त्यांच्यामागून आणखी काही जण आले. सगळे आले नाहीत. दोघा-तिघांनी कागदाची गुंडाळी करून पिशवीत सरकवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. माऊस मास्तर मात्र जागचे उठले, संगणकाच्या खोलीकडे गेले आणि दारावरचा कागद फाडून आले.

शंभरटक्के कपाळ धरून बसले. "मला वर उत्तर द्यावं लागतं हो," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. पहिल्यांदाच त्यांची कुणाला कीव आली.

"मग आपण मिळून देऊ," बाई म्हणाल्या. "शिकायला वेळापत्रकात तास द्या, म्हणावं. नाहीतर आमच्याकडून शिकल्याचा कागद मागू नका."

तसं सगळ्यांनी मिळून वर कळवलं. आधी खरमरीत उत्तर आलं. शिक्षकांनी पुन्हा कळवलं, या वेळी पालकांनाही बरोबर घेऊन. खूप ताणाताणीनंतर आठवड्याचा एक तास मिळाला. तो फार नाही. पण त्या तासाला आता त्या शाळेत आवाज चालू असतो, आणि शिक्षक एकमेकांशी हुज्जत घालताना ऐकू येतात.

खिडकीपाशी बसणारा मुलगा शेजारच्या मित्राबरोबर जोडीने वाचतो. कधी अडतो, तेव्हा बाई थांबतात. एकदा मधल्या सुट्टीत त्यानेच त्यांना एक विनोद सांगितला. बराच वेळ लागला. विनोद तसा जुनाच होता, पण बाई पोट धरून हसल्या.

आणि ती जोडीदारणीच्या वर्गातली मुलगी? तिच्या शिक्षिकेने तिच्या घरी जाऊन तिची माफी मागितली, एकदा नव्हे, अनेकदा. मुलगी शाळेत परत आली आहे. आईशी बोलते. वर्गात अजून बोलत नाही. बोलेल की नाही, हे कुणालाच माहीत नाही. दोघी शिक्षिका एकमेकींना दर आठवड्याला तिच्याविषयी लिहितात. जे घडलं तेवढंच लिहितात.

वाचकहो, जो शिकवतो त्याचं शिकणं खोटं असेल, तर त्याची शिक्षा त्याला होत नाही, ती लेकरांना होते. शिकणं दुसऱ्याकडून उरकून घेता येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी शाळेत मुलाचे गुण विचारायला जाल, तेव्हा जरा थांबून आणखी एक विचारा: "बाई, सर, यंदा तुम्ही काय नवीन शिकलात?" ते नजर चुकवू लागले तर जाब मागा. आणि शिकायला वेळच देत नाहीत म्हणाले, तर त्यांच्या बाजूने उभे राहून वरच्यांना जाब मागा. गप्प मात्र बसू नका!