निरोपातली गुणगुण

फोन कानापासून खाली ठेवला की तो आपोआप बंद होतो, असं आईचं ठाम मत होतं. म्हणून दोन हिवाळ्यांपूर्वी तिने आपल्या शिवणकामाच्या दुकानातून मोठ्या मुलीला फोन लावला, पलीकडून कोणी उचलला नाही तेव्हा "ताई, तुझा कोट तयार आहे गं, येऊन घेऊन जा," एवढा निरोप ठेवला, आणि फोन कापडाच्या ढिगावर टाकून ती कामाला लागली. फोन चालूच. ताईच्या व्हॉइसमेलमध्ये कोटाचं एक वाक्य आणि त्यामागून अख्खं दुकान जाऊन बसलं : पायमशीनची खडखड, कात्रीची कचकच आणि त्यातून तरंगत येणारी एक गुणगुण.

पुढे ताईला बाळ झालं. एका दुपारी ती जुने निरोप पुसत होती. खांद्यावर बाळराजे घर डोक्यावर घेऊन रडत होते. कोटाचा निरोप लागला आणि ते एकदम गप्प झाले. मशीनच्या खडखडीत मान टाकून चक्क झोपले. तेव्हापासून दुपारची झोप त्या निरोपाशिवाय येईना. त्यात एक मेख होती. निरोप संपला रे संपला की एक बाई खणखणीत आवाजात सांगायची, "निरोप पुसण्यासाठी सात दाबा." ती बोलायच्या आत फोनवर झडप घालावी लागे. नाहीतर बाळराजे टक्क जागे.

आणि आता फोन कंपनीने कळवलं होतं की महिनाअखेरीला ही व्हॉइसमेल सेवा बंद होणार आणि साठलेले निरोपही जाणार. त्याच सुमाराला ताईची रजा संपत होती. दवाखान्यातल्या एक्स-रे काढायच्या नोकरीवर ती सोमवारपासून परत जाणार आणि बाळ दिवसभर आईच्या दुकानात राहणार.

"तो झोपला नाही तर मी मशीनवर बसू की त्याला घेऊन नाचू?" आई म्हणाली.

"अगं, तूच गुणगुण ना. तुझाच तर आवाज आहे तो."

"घसा कोरडा पडेपर्यंत गुणगुणले. माझ्याकडे बघून हसतो नुसता!"

म्हणून रविवारी धाकटीला बोलावणं गेलं. धाकटी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, त्यामुळे वायर आणि बटण असलेली कुठलीही वस्तू तिच्याच खात्यात जमा होई. ती कॉम्प्युटर काखेत मारून आली.

"मोबाइलच्या दुकानातला म्हणाला, एक अ‍ॅप आहे, दर महिन्याला पैसे भरायचे," ताईने सांगितलं.

"निरोप आपल्या आईचा आणि भाडं त्याला? फुकटात होतंय हे. तू फक्त त्या सातच्या बटणापासून लांब राहा."

पहिला प्रयोग साधा होता. फोनचा स्पीकर मोठा करायचा, कॉम्प्युटरच्या माइकजवळ धरायचा, रेकॉर्डिंगचा फुकटातला प्रोग्राम सुरू करायचा आणि निरोप संपेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. पण गप्प बसणं या घराच्या रक्तातच नव्हतं. पहिल्यांदा बाबा शिंकले. दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात झाकण गडगडत गेलं. तिसऱ्यांदा सगळं सुरळीत चाललेलं असताना आईने दारातून डोकं आत घालून कुजबुजत विचारलं, "झालं का?" कॉम्प्युटरने तेही इमानदारीने टिपून घेतलं.

"तुमच्यापुढे हात टेकले मी," धाकटी म्हणाली आणि तिने पिशवीतून दोन्ही टोकांना सारखीच पिन असलेली एक वायर काढली. एक टोक फोनच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात. आता आवाज हवेतून जाणारच नव्हता. घरात कोणी ढोल बडवला असता तरी चाललं असतं. फोनचा आवाज तिने निम्म्यावर आणला, कारण फार मोठा ठेवला की तो फाटतो. मग ताईने निरोप लावला आणि पडद्यावर हिरवी रेघ थरथरत पुढे सरकू लागली. शेवटी ती बाई सात दाबायला सांगू लागली तशी ताईने फोन कापला. बाईचं वाक्य धाकटीने पडद्यावरच निवडून कापून टाकलं. ते करताना तिला जरा जास्तच आनंद झाला.

फाइल नीट साठवली आहे ना, हे बघायला तिने हेडफोन कानाला लावले. कोट. मशीन. कात्री. गुणगुण. ती थांबली, थोडं मागे गेली, पुन्हा ऐकलं.

"काय झालं? बिघडलं का?" ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

"बिघडलं नाही. हे ऐक. इथे आई दोऱ्यावर चिडते, 'मेल्या, किती तुटशील?' ऐकलंस? आणि तेव्हा मागे गुणगुण चालूच आहे."

"मग?"

"मग काय! एकाच तोंडाने एकाच वेळी दोऱ्याला शिव्या आणि गाणं, दोन्ही कसं होईल?"

फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून सगळा आवाज बारीक होऊन यायचा आणि निरोप लावला की सगळ्या पाय न वाजवता खोलीबाहेर पळायच्या. इतकं लक्ष देऊन तो कोणी ऐकलाच नव्हता. हेडफोनमध्ये मात्र गुणगुण खालच्या पट्टीतली होती, पुरुषी होती. त्या दुकानात पुरुष एकच. इस्त्री आणि काजं-बटणं सांभाळणारे बाबा. गाण्याचं नाव काढलं की खोली सोडून जाणारे बाबा.

तिघींनी त्यांच्याकडे पाहिलं. बाबा वर्तमानपत्राची घडी घालू लागले. कान लालबुंद.

"अहो, इतकी वर्षं शेजारी बसून शिवतेय मी," आई म्हणाली, "मला कधी ऐकू आलं नाही ते?"

"मशीनच्या खडखडीत तुला काय ऐकू येणार?"

"म्हणजे मशीन चालू असलं की गाता आणि थांबलं की थांबता? लबाड कुठले!"

"गात नाही मी," बाबा म्हणाले. "इस्त्री फिरवताना होतं ते आपोआप."

धाकटीने फाइलची एक प्रत कॉम्प्युटरवर ठेवली, एक ताईच्या फोनमध्ये आणि एक आईच्या. आईला ती लावायला शिकवली आणि उलट तपासणी घेऊन खात्री करून घेतली.

सोमवारी दुपारी ती प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत असताना आईचा फोन आला.

"झोपला गं!"

"फाइल नीट लागली ना?"

"लावायला वेळच कुठे मिळाला? मी मशीन सुरू केलं, यांनी इस्त्री घेतली, आणि पेंगायलाच लागला पठ्ठ्या. पण हळू बोल, यांना वाटतंय मला ऐकू येत नाही. बरं, ठेवते."

आणि तिने ठेवला. कापडाच्या ढिगावर.

"आई, बंद कर!" धाकटी म्हणाली, पण ते कोणाच्या कानावर जाणार? तिकडे मशीन खडखडू लागलं, आणि थोड्या वेळाने, अगदी जपून, खालच्या पट्टीत गुणगुण सुरू झाली. धाकटीने फोन बाटल्यांच्या मधोमध उभा करून ठेवला आणि पुढची चिठ्ठी उचलली.