पाऱ्याला मदत

गरम इस्त्री पाठीमागे लपवून कटिंग मास्तर भिंतीवरच्या थर्मामीटरकडे सरकले. पारा चाळीसच्या वर गेला की शिलाईच्या सगळ्या मशिनी अर्धा तास बंद, असा कारखान्याचा नियम. पण पारा मेला आळशी, सदतीसच्या पुढे सरकायचा नाही. मग मास्तर त्याला मदत करायचे.

गेल्या आठवड्यात इस्त्रीवाल्या मावशींना टेबलावरच चक्कर आली होती. डॉक्टरांनी मधून मधून बसायला सांगितलं, पण मावशी बसू द्या म्हणणार नाहीत. म्हटलं की त्यांच्या जागी दुसरी येणार. तेव्हापासून मास्तरांचा हा रोजचा उद्योग. बाया माना खाली घालून हसायच्या. साहेबांनाही सगळं ठाऊक होतं, पण तेवढ्यात त्यांचेही पाय पसरून व्हायचे.

आज इस्त्री पाठीमागेच होती आणि पारा बेचाळीसवर. घड्याळात अकरा.

मास्तरांनी काचेवर टिचकी मारली, फुंकर घातली. पारा ढिम्म. मास्तरांनी इस्त्री गुपचूप जागेवर ठेवली आणि साहेबांना हाक मारली.

साहेब मान पुसत आले. थर्मामीटर काढून बाहेर जिन्याखालच्या सावलीत घेऊन गेले. पाच मिनिटांनी परत आले, तेव्हा तो एक्केचाळीस दाखवत होता.

"मास्तर, इस्त्री लावलीत ना?"

रोज हे विचारताना ते डोळे वटारायचे. आज हळूच विचारलं.

मास्तरांनी जागेवर ठेवलेल्या इस्त्रीकडे पाहिलं.

"पारा खरा असेल तर मला वर कळवावं लागेल," साहेब म्हणाले. "आत्ता कुठे उन्हाळा लागतोय. रोज मशिनी बंद ठेवण्यापेक्षा ते शेडलाच कुलूप लावतील."

मावशी टेबलाची कड धरून उभ्या होत्या.

"लावली," मास्तर म्हणाले. "जरा जास्तच लावली."

साहेब चक्क हसले. तुम्ही काही सुधारणार नाही, असं पुटपुटत त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

मशिनी थांबल्या. नेहमीसारखी मास्तरांना टाळी द्यायला दोघीतिघी आल्या. मास्तरांनी हात पुढे केला, पण त्यात काही जोर नव्हता.

मावशी कापडाच्या गठ्ठ्यावर टेकल्या. दोन घोट पाणी प्यायल्या. आज मास्तर कधी गेला आणि कधी आला, कुणाला पत्ताच लागला नाही, म्हणून कौतुक करत होत्या. मग आवाज खाली आणला.

"उद्या जरा लवकर कर रे. अकरापर्यंत दम निघत नाही."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि स्वतःला टेकायला जागा शोधू लागले.