खांद्यावरची गोष्ट

"या काका, अकरा नंबरची सीट, खिडकीपाशी," असं म्हणून लेकीने हाताने मागची जागा दाखवली आणि बापाकडे न बघता ती पुढच्या प्रवाशाकडे वळली.

पोटच्या पोरीने काका म्हटल्यावर चष्मेवाल्यांचा पाय बसच्या पायरीवरच अडखळला. तरी ठरल्याप्रमाणे ते "आभारी आहे" म्हणाले, आणि तेही इतक्या मोठ्याने, की ड्रायव्हरने मान वळवून पाहिलं.

ठरलं होतं आदल्या दिवशी, जेवणाच्या टेबलावर. ट्रॅव्हल कंपनी आपल्या गाइडना वर्षातून एक सीट घरच्यांसाठी फुकट देत असे. या खेपेला आई जाणार होती, पण पडदे काढताना स्टुलावरून उतरण्याऐवजी तिने उडी मारली आणि पाय मुरगळून घेतला. उशीवर पाय ठेवून तिने तिथूनच हुकूम सोडला, "तिकीट वाया जाता कामा नये. तुम्ही जा." लेकीने दोन अटी घातल्या. एक, आपण बापलेक आहोत हे बसमध्ये कुणाला कळू द्यायचं नाही; लोक उगाच मजा करतात. आणि दुसरी, मध्येच तोंड घालून तिची वाक्यं दुरुस्त करायची नाहीत.

"मी कशाला दुरुस्त करीन?"

"बाबा, काल तुम्ही बातम्या सांगणाऱ्या बाईला दुरुस्त करत होतात. टीव्हीवरच्या."

"ती चुकलीच होती."

आतून आईच्या हसण्याचा आवाज आला, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

कामाच्या दिवशी चष्म्याच्या दुकानाचं शटर न उघडता बाहेर पडणं म्हणजे चष्मेवाल्यांना अनवाणी निघाल्यासारखं वाटत होतं. लेकीने ही नोकरी धरली तेव्हा ते म्हणाले होते, "डोंगर दाखवायला माणूस कशाला लागतो? तो काय लपून बसलाय?" दुकानात तिच्यासाठी खुर्ची तयार होती, गल्ला तयार होता, गिऱ्हाईक तयार होतं. ती कंपनीचं निळं जाकीट घालून निघून गेली. त्यानंतर घरात या कामाबद्दल फारसं कुणी बोलत नसे. कसा गेला दिवस, असं विचारलं की "बरा" म्हणायची, आणि विचारणारेही तेवढ्यावर समाधान मानायचे.

शेजारच्या सीटवर एक ठेंगण्या, टवटवीत बाई येऊन बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत संत्री. "हॉस्पिटलात नर्स होते," त्यांनी आपणहून सांगितलं. "आयुष्यभर लोकांना झोपा म्हणून सांगितलं, आता स्वतः फिरते. या सहलीला दुसऱ्यांदा येतेय. या पोरीसाठी. फार गोड बोलते."

चष्मेवाल्यांचं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे नव्हतंच. "तुमची डावी काडी वाकलीय," ते म्हणाले. "चष्मा एका बाजूला उतरतोय. द्या इकडे."

त्यांनी दोन्ही अंगठ्यांमध्ये काडी धरून हलकेच दाबली, डोळ्यासमोर आडवा धरून चष्मा पारखला आणि परत दिला. नर्सबाईंनी तो घालून मान दोन्हीकडे हलवून पाहिली. चष्मा जागचा हलला नाही.

शहर मागे पडलं. गोदामं, मग पेट्रोल पंप, मग शेतं. लेकीने माइकवर टिचकी मारली.

"नमस्कार मंडळी. आज दिवसभर तुम्ही माझ्या ताब्यात आहात. पळून जायचं असेल तर हा शेवटचा सिग्नल."

बसभर हशा पिकला. चष्मेवाले चमकले. घरात "हं", "बघू", "ठेवलंय तिथे" एवढंच बोलणारा हा आवाज इथे चांगला ऐसपैस पसरून बसला होता.

"वर पोचलं की आधी डोळे भरून बघा, फोटो नंतर काढा," ती सांगत होती. "आमच्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. ते म्हणतात, देवाने दोन डोळे फुकट दिले, म्हणून माणसाला किंमत नाही. डोळे विकत घ्यावे लागले असते तर माझ्याकडे उधारीवर मागितले असते."

पुन्हा हशा. चष्मेवाल्यांनी खिडकीचा पडदा थोडा पुढे ओढला.

"बाबांची एक खोड आहे. घरी पाहुणा आला की त्याला पाणी नाही, चहा नाही. आधी म्हणणार, 'तुमची काडी वाकलीय, द्या इकडे.' एकदा चोर आला असता ना आमच्याकडे, तर चष्मा सरळ करून घेऊनच गेला असता."

नर्सबाई खळखळून हसल्या. मग हसता हसता थांबल्या. मग त्यांनी चष्म्याच्या डाव्या काडीला बोट लावलं आणि अगदी सावकाश मान वळवून शेजारी पाहिलं.

चष्मेवाले बाहेरचा विजेचा खांब निरखत होते.

"दुकान कुठंय तुमचं?" नर्सबाईंनी हळूच विचारलं.

"कसलं दुकान?"

"बरं," नर्सबाई म्हणाल्या, आणि संत्रं सोलायला लागल्या.

घाट सुरू झाला. वळणं वाढली तशी मागच्या सीटवरची एक नवी नवरी पांढरीफटक पडली. लेकीने बोलणं न थांबवता तिला पुढे आणून बसवलं, खिडकी उघडली, हातात लिंबू दिलं आणि तिच्या नवऱ्याला सांगितलं, "तुम्ही तिच्याकडे नका बघू, रस्त्याकडे बघा. तुम्हालाही होईल आता." त्यालाही झालंच. पण वेळेवर पिशवी हातात होती. हे सगळं चाललेलं असताना माइकवर घाटातल्या एका झऱ्याची गोष्ट अखंड सुरू होती. चष्मेवाले मान उंचावून बघत राहिले. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी झाली की त्यांचं स्वतःचं डोकं फिरायचं.

एका वळणावर खाली तळं दिसलं.

"बघा, ताटासारखं गोल," लेक म्हणाली.

तळं चांगलं लांबोडकं होतं, एका टोकाला चिमटलेलं. चष्मेवाल्यांचं तोंड उघडलं. नर्सबाईंनी त्यांच्या हातावर संत्र्याची फोड ठेवली. "तोंड उघडलंच आहे तर खा."

त्यांनी खाल्ली.

कॉफीसाठी बस थांबली तेव्हा लेक सगळ्यांना कप देत देत त्यांच्यापर्यंत आली. "काका, साखर किती?"

"तुला माही..." ते म्हणाले, आणि खोकले. "एक चमचा."

तिने विचारण्याआधीच दोन चमचे घातले होते. तेवढेच ते घेत. कप देताना तिच्या ओठांचा कोपरा थोडा वर गेला, आणि ती पुढच्या माणसाकडे सरकली. चष्मेवाले कॉफी पिता पिता उगाचच खुशीत आले.

बस जिथवर जाते तिथवर गेली. पुढचा चढ पायी. नर्सबाई काठी टेकत त्यांच्याबरोबर चालत होत्या. "वर एक गोष्ट सांगते ती," त्या म्हणाल्या. "तिच्या बाबांची. गेल्या वर्षी ऐकली तेव्हा माझा चष्मा धुकट झाला होता. ऐकाच तुम्ही."

"चोराची?"

"नाही हो. खांद्यावरची."

चष्मेवाल्यांना अशी कुठलीच गोष्ट आठवेना. चढ खरोखर उभा होता. कुठे दगड, कुठे मुळं, एका वळणावर वाकडं झाड. ते बोलायचे थांबले.

वर लोखंडी कठडा होता आणि कठड्यापलीकडे सगळंच. डोंगरामागे डोंगर, मधल्या दऱ्यांमध्ये कापसासारखे ढग, आणि फार लांब, जिथे जमीन संपून नुसता धूर उरतो, तिथे शहर. लोक कठड्याशी गोळा झाले. चष्मेवालेही कठडा धरून उभे राहिले. डोंगर लपून बसलेला नव्हता हे खरं, पण इतकी वर्षं तो इथे होता आणि आपण तिथे होतो, एवढंच त्यांच्या मनात आलं.

लेकीने डोंगरांची नावं सांगितली, वारा कुठून येतो ते सांगितलं, आणि म्हणाली, "चला, वीस मिनिटं तुमची. मग खाली उतरायचं."

"अगं, आणि गोष्ट?" नर्सबाई ओरडल्या.

"आज जरा उशीर झालाय मावशी."

"एवढा काय उशीर! मी तेवढ्यासाठी हा चढ चढले. गुडघे बघ माझे."

बाकीचेही सांगा, सांगा म्हणू लागले. लेकीने जाकिटाची चेन वर ओढली, खाली केली. तिने बापाकडे पाहिलं नाही. अगदी ठरवून पाहिलं नाही.

"छोटीशीच आहे," ती म्हणाली. इथे माइक नव्हता, आवाजही बसमधला नव्हता. "मी सहा वर्षांची असताना बाबांनी मला इथे आणलं. त्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं. चढ मला झेपेना, तर खांद्यावर घेतलं. वर आल्यावर मी विचारलं, आपलं दुकान कुठे दिसतं? त्यांनी तिकडे, त्या धुराकडे हात केला. मला काही दिसेना. तर म्हणाले, नाही ना दिसत? छान. म्हणूनच आलो." ती थांबली. "बस. एवढीच. तेव्हा ठरवलं की मोठेपणी लोकांना इथे आणायचं."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. काचा स्वच्छ होत्या, तरी ते रुमालाने पुसत राहिले. सहा वर्षांची असताना ती गळ्यात पाण्याची बाटली अडकवून, बूट घालून, सकाळपासून दुकानातल्या स्टुलावर बसली होती. निघणार तेवढ्यात नव्या फ्रेमांची खोकी आली होती. पुढच्या रविवारी, असं ते म्हणाले होते. ती रडलीसुद्धा नव्हती. खोक्यातल्या फ्रेमा एकेक घालून दिवसभर आरशात बघत बसली होती. पुढचा रविवार कुठे गेला, ते त्यांना आठवत नव्हतं.

"काहीतरीच," गळ्यात मोठा कॅमेरा लटकवलेला एक माणूस हसून म्हणाला. "सहा वर्षांची पोर खांद्यावर घेऊन हा चढ? आपण रिकाम्या हाताने धापा टाकतोय. गाइड लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत."

दोघे-चौघे हसले. लेकही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. लहानपणापासून खोटं पकडलं गेलं की तिचे आधी कान लाल होत.

"एका दमात नाही चढलो," चष्मेवाले म्हणाले.

सगळे वळले.

"दोनदा खाली उतरवलं तिला. ते ती सांगत नाही, बापाची अब्रू राखते." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मीच तो. चष्मेवाला."

"तरी म्हटलं!" नर्सबाईंनी काठी आपटली.

"हिने माझे दोन्ही कान धरले होते, लगाम धरावा तसे. आणि वरून सारखी, बाबा, पळा! पळा म्हणे. त्या वळणावर, ते वाकडं झाड आहे ना, तिथे फांदी लागून माझा चष्मा पडला. माझाच. चष्मेवाल्याचा. दरीत गेला."

लोक खो खो हसत होते. नवी नवरीसुद्धा हसत होती. कॅमेरावाला खजील होऊन पुढे आला. "माफ करा काका. या, बापलेकीचा एक फोटो काढतो. घ्या पाहू तिला पुन्हा खांद्यावर!"

"आता पाळी तिची," चष्मेवाले म्हणाले.

फोटोत लेक कॅमेऱ्याकडे बघत नाही. ती बापाकडे बघते आहे, तोंड थोडं उघडं.

खाली उतरताना ती त्यांच्या मागोमाग चालत होती. बाकीचे पुढे गेल्यावर तिने विचारलं, "बाबा, चष्मा खरंच दरीत गेला?"

"गेला."

"मग खाली कसे उतरलात? तुम्हाला तर चष्म्याशिवाय स्वतःचा हात दिसत नाही."

ते एका मुळावर पाय रोवून थांबले, कुठे पाय टाकावा ते बघू लागले.

"तू सांगत होतीस की वरून," ते म्हणाले. "डावीकडे दगड, उजवीकडे खड्डा. बरोबर आणलंस खाली."

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "बाबा, डावीकडे दगड आहे." डावीकडे खरंच दगड होता. ते उजवीकडून गेले.

परतीच्या वाटेवर त्यांना सगळ्यांनी मिळून पुढच्या सीटवर बसवलं. तळं पुन्हा दिसलं, पुन्हा गोल म्हणून सांगितलं गेलं, आणि त्यांनी मान डोलावली. नर्सबाईंनी त्यांच्याकडून दुकानाचा पत्ता घेतला. बसमधल्या आणखी दोघांच्या काड्या घाट उतरेपर्यंत सरळ झाल्या होत्या.

शहरात दिवे लागले होते. बस रिकामी झाली, निरोप घेऊन झाले. चष्मेवाले फुटपाथवर उभे राहून बायकोला फोनवर सांगत होते, "हो, पोचलो. नाही, नाही दुरुस्त केलं. एक शब्दही नाही." बसचं दार उघडंच होतं. आत लेक सीटांखालच्या बाटल्या गोळा करत होती आणि ड्रायव्हर आरसा पुसत होता.

"तीन वर्षं ऐकतोय तुझी ती गोष्ट," ड्रायव्हर म्हणाला. "खरं सांगू? मला वाटायचं, बनवलेली आहे."

बाटल्यांचा आवाज थांबला.

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली.