नटांखालचा रंग

मित्रांनो, मी एका गाडीचं पुढचं डावं चाक आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी रागावलोय. माझी गोष्ट गोड लागायची नाही. ऐकायची तर ऐका.

वितळलेला धातू साच्यात ओतून मला कारखान्यात घडवलं. बाहेर आलो तेव्हा असा लख्ख होतो की तपासणाऱ्या माणसाने माझ्यात बघून भांग सारखा केला! पुढे नऊ वर्षं मी या घरच्या गाडीखाली इमानेइतबारे राबलो. खड्डे सोसले, ऊन सोसलं. दमलास का म्हणून कुणी विचारलं? नाव नको! मालकाला तर गाडी लावताना फुटपाथ दिसतच नसे. दर वेळी खर्रर्र! माझी कड घासून करवतीसारखी झाली आणि वर हाच म्हणायचा, "चाकं काय भिकार झालीत!" डोक्यात तिडीक जायची माझ्या.

मालक धंद्याने पाट्या रंगवणारा. हात देखणा, खोटं कशाला बोलू? एका रविवारी त्याने मला काढलं आणि अंगणात जुन्या चादरीवर आडवं केलं. साबणाने धुतलं. टायरवर कागद चिकटवला. कडेच्या खाचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि ती वाळल्यावर तासभर पॉलिश पेपरने घासत बसला. मग हलकेच चंदेरी रंग. नऊ वर्षांत कुणी मला इतकं जपून हाताळलं नव्हतं. मी विरघळलो, कबूल करतो.

पण पाटीवाल्याला कोरी जागा बघवत नाही. त्याने मला पालथं केलं. मागचा जो भाग गाडीला टेकतो, तो कोराच लागतो. धातूला धातू भिडला तरच पकड बसते. याने तिथे रंग दिला. एक नाही, तीन हात! नट बसतात त्या पाच भोकांतही जाड थर. अरे शहाण्या, तिथे नको! तिथे कोण बघणार तुझी कलाकुसर?

त्याची बायको दारात आली. रोज मुलीला शाळेत सोडायला गाडी नेते ती हीच.

"अहो, आतून कशाला रंगवताय?"

"अर्धवट काम मला जमत नाही," तो ऐटीत म्हणाला. "बघच, नवंकोरं दिसेल."

दिसलं ना! शेजारपाजारचे येऊन त्याची वाहवा करून गेले. मला दात असते तर मी ते खाल्ले असते.

मला परत गाडीला बसवलं, आणि चार दिवसांत ब्रेकच्या उष्णतेने रंग दबला, त्याचे पापुद्रे सुटले आणि नट सैल झाले. उताराच्या मोठ्या रस्त्यावर मी डुगडुगायला लागलो. मागे मुलगी पाढे म्हणत होती. आपल्यामुळे लेकराचा जीव जाणार आणि आपल्याला ओरडताही येत नाही, हा संताप तुम्हाला कसा सांगू? होतं नव्हतं तेवढं बळ लावून मी खडखडलो.

"आई, कसला आवाज येतोय गं?"

आईने कान दिला आणि वेग कमी करत गाडी कडेला घेतली. उतरून नटाला हात लावला. तो बोटांनी फिरला. तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

"तुमचं नवंकोरं चाक निखळत होतं! नट बोटांनी फिरला, अहो, बोटांनी! पोरगी मागे बसली होती!"

तो पाना घेऊन धावत आला. रस्त्याच्या कडेलाच मला काढून त्याने भोकांतला आणि मागचा रंग खरवडला. एरवी ऐटीत सरळ रेघ ओढणारा माणूस धुळीत गुडघे टेकून पापुद्रे उचकटत होता. मला दया आली नाही.

"बाबा, तिथला रंग कुणाला दिसणार होता?" मुलीने विचारलं.

"कुणालाच नाही, बाळा," तो मान खाली घालून म्हणाला.

मित्रांनो, चाकं घरी रंगवा, हौस जरूर करा. पण जिथे पकड बसते तिथे ब्रश नेऊ नका, आणि गाडी थोडं अंतर चालली की नट पुन्हा आवळा. ठाऊक नसेल तर जाणत्याला विचारा, त्यात कमीपणा कसला?

आता मी घट्ट बसलोय. पण ती मुलगी माझ्या बाजूला बसत नाही. माझ्याकडे एकदा बघते, वळसा घालते आणि पलीकडच्या दाराने आत शिरते. खडखडून सावध केलं ते मीच, पण ते तिला कोण सांगणार?