सहा नावं

ज्या गुरुवारी गावच्या 'गॅझेट' साप्ताहिकात 'प्रुडन्स' गलबत न्यूपोर्टहून सुखरूप आल्याचं छापून आलं, त्याच गुरुवारी दुपारी ते बुडाल्याचं हॅरोपोर्ट गावाला कळलं.

बातमी आणली मासेमारीच्या एका होडीनं. खडकाळ बेटापाशी त्यांना चार प्रेतं आणि गलबताच्या नावाची फळी मिळाली होती. गलबतावर सात माणसं होती. सातवी होती छापखान्याचा मालक जोथम क्रेन याची बायको मेहिटेबल. बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, ती परत येत होती. ती त्या चौघांत नव्हती आणि पुढेही सापडली नाही.

धक्क्यावर त्या दिवशी माणसं आधीच जमली होती, कारण त्यांनी सकाळी वर्तमानपत्र वाचलं होतं. कप्तानाची बायको डिझायर ब्रँच हिनं तर भट्टीत नवऱ्यासाठी भोपळ्याचं सारण भरलेली गोड रोटी ठेवून, मुलांचे केस विंचरून त्यांना खाली आणलं होतं. गलबत दिसेना तेव्हा ती म्हणाली, "वरच्या धक्क्याला लावलं असेल. छापलंय ना?"

छापलं होतं ते जोथमनंच. 'प्रुडन्स' दर बुधवारी यायचं, म्हणून बंदरात आलेल्या जहाजांच्या यादीतली त्याची ओळ कधी मोडायची नाही. तिचे अक्षरांचे खिळे तसेच बांधून ठेवायचे आणि फक्त तारीख बदलायची. पण मेहिटेबल बुधवारी संध्याकाळी स्वतः धक्क्यावर जाऊन गलबत बघून यायची, आणि मगच ती ओळ चौकटीत बसवू द्यायची. चौदा वर्षं अर्ध्याहून जास्त अंक तिनंच जुळवला होता. या बुधवारी ती नव्हती. अंधार पडेपर्यंत गलबत आलं नव्हतं, हे जोथमला माहीत होतं. वारा पडला असेल, सकाळपर्यंत येईल, लोक वाचतील तेव्हा खरंच असेल, असं त्यानं धरलं आणि ओळ राहू दिली. गलबत यायचंच होतं, मग ओळ काढायची कशाला?

पुढच्या मंगळवारी त्याचा खिळे जुळवणारा जुना कामगार लेम्युएल यानं पुढचा अंक मांडायला घेतला. पहिल्या पानावर लंडनच्या पार्लमेंटातलं साखरेच्या कराचं भाषण, दोन महिन्यांचं शिळं. मग प्रशियाच्या राजाची सर्दी.

"मास्तर, गलबताचं काय घालायचं?"

"काही नाही. अख्ख्या गावाला माहितेय. गावाला माहीत असलेलं आपण कधी छापलंय?"

ते खरंच होतं. गावातलं सगळं गावाला तोंडी कळायचं. पैसे मोजून लोक वर्तमानपत्र घ्यायचे ते लांबचं वाचायला. गावातलं छापून यायचं ते पळालेल्या नोकराची किंवा विकायच्या जमिनीची जाहिरात, हरवलेली गाय आणि जहाजांची यादी, एवढंच.

बुधवारी सकाळी डिझायर आली. काळी ओढणी, हातात मागचा अंक. बाकावर बसली नाही.

"जोथमभावजी, हे काय आहे?"

"चुकलं वहिनी. माझंच चुकलं."

"ते मला माहितेय. मी भांडायला नाही आले. मी विचारतेय, हे असंच राहणार का?"

"साऱ्या गावाला ठाऊक आहे की ते..."

"साऱ्या गावाला!" ती म्हणाली. "गेल्या साली चर्चच्या डीकनच्या कुरणाच्या हद्दीवरून सारं गाव सारं ठाऊक असल्यासारखं भांडत होतं. शेवटी कुठं आले बघायला? तुमच्याच कपाटात ना, जुन्या अंकातली त्या कुरणाच्या विक्रीची जाहिरात काढून? माझा धाकटा दोन वर्षांचा आहे. उद्या कुणी त्याला म्हणालं, तुझा बाप गलबत घेऊन आला होता, तुला सोडून कुठं गेला रे? तर तो काय दाखवील?"

लेम्युएल खाली मान घालून खिळ्यांना शाई लावायचे चामड्याचे गोळे पुसत होता. "बाई बरोबर बोलतायत मास्तर," तो म्हणाला. "प्रशियाच्या राजाला एक आठवडा सर्दीशिवाय काढू दे."

जोथमनं सर्दी उचलून टाकली आणि स्वतः जुळवायला बसला. मागच्या अंकात 'प्रुडन्स' आल्याचं छापलं ते चूक होतं, ते आलं नाही, एवढं सरळ लिहिलं. मग नावं, एकेक मोठ्यानं म्हणत. कप्तान एलिफालेट ब्रँच. सुकाणूवाला जेरेड टूली. दोघे खलाशी भाऊ, कुंभार ओबेड फिच, आणि न्यूपोर्टचा एक टोपीवाला. डिझायर उभी राहून प्रत्येक नाव ऐकत होती. सहावं झालं तशी ती घरी गेली. मुलं एकटी होती.

सातव्या नावापाशी तो थांबला. रीतीप्रमाणे 'श्री. क्रेन यांची पत्नी' एवढं पुरलं असतं. पण ते त्याला लिहायचं नव्हतं. तिचं नाव घालायचं होतं, आणि हा अंक चौदा वर्षं कुणी जुळवला तेही. त्यानं म चा खिळा उचलला. तिच्या उंचीप्रमाणे लावलेल्या खिळ्यांच्या मांडणीसमोर त्याला वाकून उभं राहावं लागत होतं. तो खिळा हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"मी जुळवू का?" लेम्युएलनं विचारलं.

"नको."

लेम्युएलनं बाकीची पानं आवळून ठेवली.

"मास्तर, कागद भिजवून ठेवलाय. वाळला तर शाई धरायचा नाही."

"तिचं पुढच्या अंकात घालू. नीट, जागा ठेवून," जोथम म्हणाला. त्यानं खिळा परत टाकला आणि चौकट आवळली.

वर्तमानपत्रं एकमेकांचं उतरवून घेतात. पंधरा दिवसांत बॉस्टनच्या अंकात आलं, 'प्रुडन्स' बुडालं, सहा माणसं गेली. न्यूपोर्टच्या अंकातही सहाच. मेहिटेबलच्या बहिणीनं तो अंक वाचला आणि पत्र लिहिलं: हिट्टी त्या गलबतात चढली नव्हती का? मग ती आहे कुठं? मुलीचं नाव तिचंच ठेवलंय, तिला सांगा.

ते पत्र घेऊन जोथम डिझायरकडे गेला. तिनं वाचलं, त्याला बसवलं, मक्याची लापशी पुढे ठेवली.

"भावजी, माझ्याकडून भांडून घेतलंत आणि माझ्या माणसाचं छापलंत. हिट्टीसाठी कोण भांडायचं?"

"हात चालत नाही, वहिनी."

"मग लेम्युएलला सांगा."

"त्याला नाही सांगवत."

तिनं पत्राची घडी घालून त्याला परत दिलं. त्यानं लापशी संपवली आणि घरी आला. मेहुणीला उत्तर लिहिलं, खरं होतं ते.

त्याला आता अकरा गुरुवार झाले. दर बुधवारी तो तिसऱ्या पानावर चार ओळींची जागा ठेवतो, आणि कागद भिजला की तिथं लंडनचं काहीतरी भरतो. मेहिटेबल क्रेनचं नाव अजून छापायचं राहिलं आहे.