मी साहेबांचे बूट भिजवले

मी मातीचा नकाशा बोलतोय. कागदी नकाशे गुंडाळून कपाटात टाकतात. मला गुंडाळायची कुणाची टाप नव्हती!

१९७८ साली साकोलीजवळच्या एका गावात, शाळेच्या अंगणात, ओव्हरसियर केशवरावांनी मला दोन बाजांएवढं रचलं. उतारावर एकाखाली एक तीन तलाव, प्रत्येकाला मातीची पाळ आणि सगळ्यात खाली वस्ती. शेतातल्या लहान तळ्यांना इकडे बोड्या म्हणतात. त्या बुजवून तिथेही धान लावावं, असा सरकारी बेत होता. तीन तलाव सगळं पाणी सांभाळतील, हे मी गावाला पटवायचं होतं. म्हणून केशवरावांनी माझ्यात एकही बोडी केली नाही.

बेताला मंजुरी देणारे साहेब आले, गाव जमलं. केशवरावांनी झारीने पाऊस पाडला. तलाव भरले, पाळ एकही फुटली नाही. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात गावातली रंभाबाई उठली. तिची बोडी बुजणार होती आणि लेकीचं घर त्या खालच्या वस्तीत होतं.

“असं पाणी आमच्याकडे कवा पडते जी? काहून झारीनं खेळून राहिले?”

तिने भरली घागर ओतली. वरचा तलाव फुटला, मधला फुटला, खालचा वस्तीवर आडवा झाला आणि गढूळ लोंढा थेट साहेबांच्या बुटांत!

केशवरावांचं तोंड उतरलं. रंभाबाईने तिन्ही पाळी पुन्हा लिंपल्या आणि ती उतारावर मुठीने खड्डे दाबत गेली. “हे सोमाजीची बोडी, हे धुरपताची, हे माही.” अशा अठ्ठावीस. सरकारी कागदी नकाशावर त्यांतली एकही नव्हती.

“आता ओता,” साहेब म्हणाले.

तेवढीच घागर. बोड्यांनी पाणी थोपवलं, तलाव काठोकाठ भरले, वस्ती कोरडी राहिली. ओल्या बुटांनी उभ्याउभ्याच साहेबांनी बोड्या न बुजवण्याचा शेरा लिहिला. केशवराव म्हणाले, “बाई, चुकलो मी. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

पुढच्या पावसाळ्यात खरोखरच तसं पाणी कोसळलं. वस्ती वाचली. अंगणात मी मात्र पार विरघळलो. रंभाबाईने माझी माती टोपल्यात भरली आणि आपल्या बोडीच्या पाळीला थापली.

आज १९८६. नवा नकाशा कराल तेव्हा गावाला शेजारी बसवून करा, एवढंच मागणं. जास्त बोलायला मला सवड नाही. पाठीशी बोडी भरली आहे, पुढे धान उभं आहे आणि आता मी खरंखुरं पाणी अडवतोय.