गिअरबाबांचा डावा पाय

मामाच्या लाल गाडीने पहिला गिअर घेतला तेव्हा दुकानासमोर जमलेल्या गर्दीतल्या निम्म्या लोकांनी हात जोडले आणि उरलेल्यांनी मोबाइल उंच धरले. बेकरीवाल्याने दोन्ही एकदम करायचा प्रयत्न केला आणि त्याचा मोबाइल गटारात गेला.

गाडीचं टप मागे दुमडलेलं होतं. दोनच माणसांची ती जुनी स्पोर्ट्स कार. तिच्या स्टीअरिंगमागे गिअरबाबा डोळे मिटून बसले होते. दाढी पोटापर्यंत, निळा झगा त्याच्याही खाली. तो झगा इतका पायघोळ होता की बाबा गाडीत बसले की शिष्याला तो गोळा करून गादी कोंबावी तसा आत कोंबावा लागे. बाबांचा एक हात गिअरच्या दांड्यावर होता आणि तोंडाने मंत्र चालू होता :

"खट खट खूट, आत्म्या सूट. खट खट खूट, दांड्या ऊठ."

आदल्या दिवसापर्यंत खाटकाच्या दारातल्या बोकडासारखा अडून बसणारा तो दांडा अलगद पुढे सरकला. आवाज नाही, हिसका नाही. माझे मामा चष्मा काढून डोळे पुसू लागले.

मामांचं चष्म्याचं दुकान आहे. मी त्यांची भाची, त्याच दुकानात डोळे तपासते. वरच्या मजल्यावर मामीचा दवाखाना. मामी दातांची डॉक्टर. मामांना तरुणपणापासून अशी एक गाडी हवी होती. लोक ज्या वयात हातात काठी घेतात त्या वयात त्यांनी ती घेतली. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. तिचा आधीचा मालक नाटकात कामं करायचा. तो वारल्यावर त्याच्या पुतण्याने ती विकली.

सुरुवातीला सगळं छान होतं. मग गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. सिग्नलला थांबलं की पहिला गिअर पडेना. रिव्हर्स टाकायला गेलं की आतून अशी किंकाळी निघायची की समोरच्या छपरावरची कबुतरं उडून जायची. क्लच पूर्ण दाबून धरला तरी गाडी मुंगीच्या पावलांनी आपली पुढेच. बेकरीवाला, जो स्वतःला सगळ्या यंत्रांचा जाणकार समजतो, त्याने दांडा हलवून बघितला आणि जाहीर केलं, "गिअरबॉक्स खाल्लात तुम्ही. चालवता येत नाही त्यांनी असल्या गाड्या घेऊ नयेत."

मामा गाडी चालवायला उशिरा शिकले होते. ते वाक्य त्यांच्या काळजात जाऊन बसलं. गॅरेजमध्ये गेलं तर तिथलाही माणूस हेच म्हणेल या भीतीने ते गॅरेजलाच गेले नाहीत. अशा वेळी शिष्य पुढे, आपण मागे, असे गिअरबाबा आमच्या रस्त्यावर अवतरले. बाबांनी गाडीभोवती फेरी मारली, बॉनेटला कान लावला आणि म्हणाले, "यात तुझा काही दोष नाही, बाळ."

मामांना बाळ म्हणणारं कुणी आता उरलेलं नव्हतं. ते विरघळलेच.

निदान असं झालं : त्या मेलेल्या नटाचा आत्मा गिअरबॉक्समध्ये बसला आहे आणि दांडा आतून धरून ठेवतो आहे. रिव्हर्स का पडत नाही? कारण भुताला भूतकाळ सहन होत नाही. गाडी आपोआप पुढे का सरकते? आत्म्याला नाट्यगृहाची ओढ आहे. यावर जमलेल्यांनी "खरंय" म्हटलं. उत्तर तोंडावर तयार असलं की प्रश्न कुणी तपासत नाही.

मग रोज सकाळी दरबार भरू लागला. बाबा गाडीत बसत, मंत्र म्हणत, गिअर पडे. लोक बंद पडलेले मिक्सर, शिलाई मशीन घेऊन येऊ लागले. एकाने वॉशिंग मशीनचं फक्त झाकण आणलं, कारण पूर्ण मशीन उचलवत नव्हतं. गाडीत पायाशी एक तेलकट पाणी झिरपायचं. शिष्य ते छोट्या बाटल्यांमध्ये गोळा करायचा. त्याचं नाव ठेवलं होतं आत्म्याचे अश्रू. बँकेतल्या टकल्या कारकुनाने ते डोक्याला चोळलं. केस आले नाहीत, पुरळ आलं. बाबा म्हणाले, "मुळं जागी होताहेत."

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एका सकाळी बाबांनी कान टवकारून वर पाहिलं. मामीच्या दवाखान्यात दात कोरायचं यंत्र घरघरत होतं.

"या आवाजाने आत्मा बिथरतो," बाबा म्हणाले. "दवाखाना बंद ठेवावा लागेल."

संध्याकाळी जेवताना मामांनी हे मामीला सांगितलं. पानातल्या भाताकडे बघत सांगितलं.

मामी म्हणाली, "आणि ज्यांची दाढ ठणकते आहे त्यांनी काय करायचं? आत्म्याला विचारायचं?"

"अगं, काही दिवसांचाच प्रश्न आहे."

"अहो, तुम्हाला हे खरंच पटतं?"

मामा भात कालवत राहिले. मग हळूच म्हणाले, "आयुष्यात एक गोष्ट हौसेने घेतली आणि ती मीच मोडली, असं असण्यापेक्षा हे बरं वाटतं."

मामीने त्यांना आणखी एक पोळी वाढली आणि वाद थांबवला. दुसऱ्या दिवशी तिने खरोखरच दवाखाना बंद ठेवला. मला राग आला होता. पण बाबांची चूक तिथेच झाली. रोज सकाळी लोकांच्या तोंडात वाकून बघणाऱ्या बाईला त्यांनी रिकामं बसवलं होतं, आणि तेही बरोबर उघड्या गाडीच्या वरच्या खिडकीत.

थोड्याच वेळात तिने मला वर बोलावलं. "इकडे ये. बाबांच्या तोंडाकडे बघू नकोस, दांड्याकडेही नको. डाव्या गुडघ्याकडे बघ."

मी पाहिलं. खट, आणि झग्याखाली गुडघा खाली गेला. वर आला. खट, पुन्हा खाली. खूट, पुन्हा. मंत्र म्हणत होतं तोंड, पण काम करत होता पाय.

"क्लच पंप करतायत," मामी म्हणाली. "सरळ एकदा दाबत नाहीत. का बरं?"

ती आणखी काही बोलणार तोच खाली टपालआजी पुढे झाल्या. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या या आजी आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना मोतीबिंदू होता आणि ऑपरेशन करून घ्या म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते. शिष्याने त्यांच्या हातात बाटली दिली. "रोज दोन थेंब डोळ्यात. सुरुवात आत्ताच करा." आजींनी मान वर केली आणि बाटलीचं झाकण उघडलं.

मामी जिन्यावरून कशी उतरली ते मला सांगता येणार नाही. मी खाली पोचले तेव्हा एक चप्पल जिन्यात होती, दुसरी मामीच्या पायात, आणि बाटली तिच्या मुठीत.

"बाई, आत्मा कोपेल," बाबा म्हणाले.

"कोपू दे." तिने गाडीचं दार उघडलं आणि पायाखालचं पायपुसणं उचलून बाजूला टाकलं. जिथे ते पाणी झिरपत होतं, तिथला लाल रंग फुगून सालीसारखा सुटला होता. खाली उघडं लोखंड दिसत होतं. मामी मामांकडे वळली. "गाडीचा रंग सोलून निघालाय. अहो, तुम्ही जन्मभर लोकांचे डोळे सांभाळलेत. तुम्हीच सांगा, हे आजींच्या डोळ्यात घालायचं?"

सगळे मामांकडे बघू लागले. मामांनी सोललेल्या रंगाकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं. मग बाटली घेऊन, तिला झाकण लावून स्वतःच्या खिशात टाकली. "नाही," ते म्हणाले. "आजी, हे घालायचं नाही."

बाबांनी सूर बदलला. "शंका असेल तर बाईंनी स्वतः गिअर टाकून दाखवावा."

मामी गाडीत बसली. तिने इंजिन चालू केलं, क्लच एकदाच पूर्ण दाबला आणि रिव्हर्सकडे दांडा ढकलला. ती ओळखीची किंकाळी निघाली. कबुतरं उडाली.

"आत्मा नाकारतो आहे," बाबा समाधानाने म्हणाले.

मामीने इंजिन बंद केलं आणि दांडा हलवला. पहिला, दुसरा, रिव्हर्स, सगळे गिअर सुरळीत पडले. "आता का नाही नाकारत?"

"आता तो झोपला आहे."

"बरं. उठवते." तिने इंजिन पुन्हा चालू केलं आणि बाबांच्याच चालीत म्हणू लागली : "दूध दात, सुळा दात, पटाशी, दाढ, अक्कलदाढ." प्रत्येक दाताबरोबर तिचा डावा पाय खाली जाऊन वर येत होता, शेवटच्या दाढेला मात्र तो खालीच राहिला. रिव्हर्स पडला. कुठलाही आवाज न करता. मग तिने ओठ घट्ट मिटून तेच केलं. पहिला गिअर पडला.

"योगायोग," बाबा म्हणाले. "आत्मा माझ्या उपस्थितीने वरमला."

"मग तुम्ही बसा. फक्त झगा गुडघ्यापर्यंत वर घ्या."

"साधूचे पाय कुणी पाहू नयेत."

"मग झगा राहू दे. गिअर टाका आणि क्लच दाबून नुसते बसून राहा. मंत्र हवा तितका म्हणा."

यात बाबांना धोका दिसला नाही. मामी गिअर काढून उतरली, ते बसले, खट खट करून पहिला गिअर टाकला आणि पाय दाबून ठेवला. थोडा वेळ काही झालं नाही. मग गाडी हलली. बाबांनी क्लच आणखी दाबला. तो आधीच तळाला टेकला होता. त्यांनी मंत्राचा आवाज वाढवला. गाडीने मंत्र ऐकला नाही. लग्नाच्या वरातीतल्या नवरदेवाच्या थाटात ती सावकाश पुढे निघाली. शिष्य बाजूला झाला. बेकरीवाला बाजूला झाला. "ब्रेक दाबा," मामा सांगत होते, पण बाबांचं सगळं लक्ष आत्म्याकडे. फुलवाल्याच्या पाण्याने भरलेल्या बादल्यांमध्ये शिरून गाडी गचका देऊन बंद पडली आणि बाबा कमरेपर्यंत गुलछडीत बसले.

झगा वाचवायला त्यांनी तो दोन्ही हातांनी वर धरला आणि उडी मारून बाहेर आले. तेव्हा सगळ्यांनी साधूचे पाय पाहिले. त्यात ड्रायव्हरचे काळे बूट होते. उजवा धडधाकट, डाव्याचा तळ पार झिजलेला.

"कुठली गाडी चालवायचात?" मामीने विचारलं.

बाबा ओल्या दाढीतून म्हणाले, "मालवाहू व्हॅन. मालक दुरुस्त करून देत नव्हता. दिवसभर पंपच मारायचो."

मग मामीने लोकांना वर दवाखान्यात नेलं, जितके मावतील तितके. पेशंटच्या खुर्चीखालचं पेडल तिने पायाने खालीवर केलं, खुर्ची वर चढली. "पेडलने तेल नळीत ढकललं जातं, तेल खुर्ची उचलतं. तुमच्या क्लचचंही असंच आहे. पेडल तेल ढकलतं, तेल क्लच सोडवतं, आणि क्लच सुटला की गिअर पडतो. मागे या खुर्चीतलं रबर झिजलं होतं. तेल गळायचं. मी दाढ काढायला घ्यायचे तोवर पेशंट जमिनीला टेकायचा. भराभर पंप केलं की खुर्ची तेवढ्यापुरती वर, की पुन्हा खाली. गाडीतलं रबर तसंच गेलंय. गळलेलं तेल म्हणजे तुमचे अश्रू. क्लच अर्धवट सुटतो म्हणून रिव्हर्स किंचाळतो, आणि म्हणूनच गाडी पुढे सरकते. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडले, म्हणजे गिअरबॉक्सला काही झालेलं नाही."

मामांनी विचारलं, "माझ्या चालवण्याने नाही ना झालं?"

"रबर आहे, अहो. म्हातारं झालं."

मामा पेशंटच्या खुर्चीवर बसले आणि पोरासारखे हसायला लागले.

पण खरा पेच पुढे आला. खाली उतरल्यावर बेकरीवाला मामीच्या पाया पडायला वाकला. "डॉक्टरीणबाई, तुमच्या दातांच्या मंत्रात जास्त शक्ती आहे. माझा मिक्सर एकदा बघाल?" त्याच्यामागे रांग लागू लागली. शिलाई मशीनवाला होता, झाकणवालाही होता. बाबा बादल्यांशेजारी झगा पिळत उभे होते, आणि गर्दीने तोवर नवी देवी नेमलीसुद्धा होती.

मामीने त्यांच्यावर राग काढला नाही. तिने गाडी बाहेर ढकलून घेतली आणि म्हणाली, "एकेकाने आत बसा." बेकरीवाल्याने पंप केलं, गिअर पडला. कारकुनाने केलं, पडला. फुलवाल्याने शिव्या देत केलं, तरी पडला. टपालआजींनी काही न म्हणता केलं आणि त्यांचा सगळ्यांत सफाईदार पडला. दुपार व्हायच्या आत प्रत्येकाच्या पायात तो चमत्कार आला, आणि जो तो कंटाळून घरी गेला. बाबा आणि शिष्य कधी गेले ते कुणी पाहिलं नाही.

गॅरेजवाल्याने रबरं बदलली, नळीतली हवा काढली, गाडी नीट झाली. आजींचं ऑपरेशन झालं. दवाखाना दुसऱ्याच दिवशी उघडला. मामा गाडी अजूनही अंमळ घाबरतच चालवतात.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. कुणी तुमच्यापुढे चमत्कार केला तर हात जोडायच्या आधी म्हणा, "जरा सरका, मला करून बघू द्या." जो माणूस सरकायला तयार होत नाही, त्याने दिलेलं काहीही डोळ्यात घालू नका.